माळ्यावरील दगड

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. परंतु तिचा खरा अर्थ मला एका गोणीभर दगडांनीं शिकविला.

माझ्या वडिलांस मासे पाळण्याचा मोठा नाद. अलिबागेस आमच्या घरीं त्यांची खाऱ्या पाण्याची कांचेची टाकी होती. तींतील दगड जमिनीवरील खाणींतून काढलेल्या प्राचीन प्रवाळ-खडकाचे होते. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलें. वीज कित्येक दिवस नव्हती. पाणी खेळविणारा पंप थांबला आणि टाकींतील सर्व जीव गुदमरून गेले. वडिलांनीं दगड उन्हांत वाळवून गोणींत भरले व माळ्यावर टाकले. पुढें त्यांनीं त्या विषयाचा उच्चारहि केला नाहीं.

गेल्या वर्षीं त्यांच्या वाढदिवशीं त्यांस चकित करावें असें माझ्या मनानें घेतलें. दगड पांढरे व कोरडे ठणठणीत दिसत होते. मीं ते नळाखालीं धुतले, टाकींत रचले, खारें पाणी भरलें आणि दुसऱ्याच दिवशीं सांठविलेल्या पैशांतून नारिंगी क्लाऊनफिशची जोडी आणून सोडली. चौथ्या दिवशीं दोन्ही मासे तळाशीं निपचित पडलेले दिसले. मला रडूं कोसळलें. वडील रागावले नाहींत. त्यांनीं एक दगड फोडून माझ्या नाकाशीं धरिला. आंतून कुजका वास आला. दगडांच्या छिद्रांत मेलेले स्पंज व कृमि वाळून बसले होते. पाणी मिळतांच ते कुजूं लागले व त्यांतून अमोनिया हें विष उत्पन्न झालें.

मग आम्हीं दोघांनीं पुन्हां आरंभ केला. प्रथम प्रत्येक दगड ब्रशानें घासला. नंतर अंगणांत, हातमोजे घालून, ब्लीचच्या पातळ द्रावणांत दगड एक आठवडा बुडवून ठेविले. ॲसिडानें काम लवकर होईल, असें मीं सुचविलें. तेव्हां ब्लीच व ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायु निघतो, असें वडिलांनीं बजाविलें. पुढें दगड गोड्या पाण्यांत अनेक वेळां भिजविले, सोडियम थायोसल्फेटनें उरलेला क्लोरीन घालविला आणि वास पूर्ण जाईपर्यंत ते उन्हांत वाळविले.

परंतु स्वच्छ दगड म्हणजे जिवंत दगड नव्हे. अमोनियाचें नायट्राइट व त्याचें पुढें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु त्यावर वसावे लागतात. लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असलेल्या वाहत्या पाण्यांत, २५ अंश उष्णतेवर, आम्हीं दगड अंधारांत ठेविले. वडिलांच्या एका स्नेह्यांच्या टाकींतील लहानसा दगड विरजण म्हणून घातला, आणि जंतूंस खाद्य म्हणून माशांच्या अन्नाची चिमूट टाकिली. पाणी तपासून आंकडे मी वहींत लिहीत असें. अमोनिया चढला व उतरला. मग नायट्राइट चढलें व उतरलें. दगडांत मुरलेलें फॉस्फेट मात्र हळूहळू झिरपत राही. शेवाळ त्यावरच पोसतें, म्हणून दर आठवड्यास आम्ही कांहीं पाणी बदलीत असूं.

दर शनिवारीं मी विचारीं, “बाबा, आतां मासे आणूं या का?” ते म्हणत, “वही काय सांगते?”

बाराव्या आठवड्यांत वहींत अमोनिया व नायट्राइट यांपुढें सतत शून्य होतें. त्या शनिवारीं मीं कांहींच विचारलें नाहीं. वडीलच चपला घालून दारांत उभे राहिले आणि म्हणाले, “चल, मासे आणूं या.”

ती जोडी आज सुखरूप आहे. वहीच्या पहिल्या पानावर मात्र पहिल्या दोन माशांच्या मृत्यूची तारीख आहे. ती मीं खोडलेली नाहीं.