गादी नको असलेलं घराणं

ती. नानाकाकांस,

राजघराणं म्हटलं की गादीवरून भाऊबंदकी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. सॅक्स-कोबर्ग-गोथा या जर्मन ड्यूक घराण्यात मात्र 1899 साली उलटंच झालं. गादी समोर होती आणि घ्यायला कुणी पुढे येईना.

दोन भाऊ होते. थोरला अर्न्स्ट कोबर्गचा ड्यूक, धाकटा अल्बर्ट व्हिक्टोरिया राणीचा नवरा. अर्न्स्टला औरस मूल नव्हतं आणि दत्तक घेऊन गादी चालवायची सोय तिकडे नव्हती. (दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये सातारा खालसा झालं, ते याच राणीच्या अमदानीत. योगायोग म्हणायचा!) अल्बर्टचा थोरला मुलगा एडवर्ड इंग्लंडचा वारस, त्याने कोबर्गवरचा हक्क सोडलेला. म्हणून 1893 मध्ये अर्न्स्ट गेल्यावर दुसरा मुलगा आल्फ्रेड ड्यूक झाला. त्याचा एकुलता मुलगा 1899 मध्ये वारला. चार मुली होत्या, पण गादी फक्त पुरुषांची.

पुढचा नंबर अल्बर्टच्या तिसऱ्या मुलाचा, आर्थरचा, म्हणजे ड्यूक ऑफ कॉनॉटचा. हा आपल्या पुण्याला ओळखीचा. 1886 ते 1890 मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता. वारस जर्मनीतच वाढला पाहिजे, असा जर्मन सम्राट कैसरचा आग्रह. आर्थर आणि त्याचा मुलगा, दोघांनीही हात झटकले.

उरला अल्बर्टच्या धाकट्या मुलाचा मुलगा, चार्ल्स एडवर्ड. बाप 1884 च्या मार्चमध्ये गेला, हा जुलैत जन्मला. ईटनच्या शाळेत शिकणाऱ्या या पोराला कोण विचारणार? 1900 मध्ये आल्फ्रेडही गेला आणि सोळा वर्षांचा हा मुलगा कार्ल एडुआर्ट म्हणून ड्यूक झाला. तो सज्ञान होईपर्यंत, 1905 पर्यंत, कारभार पाहिला आल्फ्रेडच्या जावयाने. काका, हे पाहा: मुलीला गादी नाही, पण तिच्या नवऱ्याला कारभार चालतो! कार्लची सख्खी बहीण अ‍ॅलिस त्याच्याहून मोठी होती. तिचा विचारही झाला नाही. ती इंग्लंडची म्हणूनच जगली, 1981 पर्यंत.

पहिल्या महायुद्धात कार्ल जर्मनीच्या बाजूने राहिला. 1918 मध्ये गादी गेली, 1919 मध्ये इंग्लंडने किताब काढून घेतले. चुलतभाऊ पंचम जॉर्जच्या अंत्ययात्रेत 1936 मध्ये तो जर्मन गणवेशात चालला. तेव्हा तो नाझींच्या राजवटीत जर्मन रेड क्रॉसचा अध्यक्ष होता. मुलगा म्हणून त्याची कीव येते. मोठेपणी नाझींची साथ त्याने स्वतः धरली, तिथे माझी कीव संपते.

त्याच्या थोरल्या मुलाने 1932 मध्ये बरोबरीच्या घराण्याबाहेर लग्न केलं आणि वारसाहक्क गमावला. त्याच वर्षी मुलगी सिबिला स्वीडनच्या राजपुत्राला दिली. तिचा मुलगा 1973 पासून स्वीडनचा राजा आहे. कोबर्गच्या वारसाहक्काच्या हिशेबात मात्र तो कुठेच नाही.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तुमच्या हातात आहे. जुन्या प्रतीत मुलींच्या नावापुढे सासरचं आडनाव लिहून रेघ थांबते, आणि मुलगा नसला की सरळ ‘वंश खुंटला’. आत्यांची, माझी, आमच्या पोरांची रेघ या वेळी पुढे न्या. पत्ते आणि जन्मसाल मी गोळा करून देते.

तुमची,
पुतणी