बाबांची फियाट

यंत्र वापराने झिजते, हे आपण सर्वच जाणतो. परंतु न वापरल्यानेही ते मरते, ही गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. आणि तीही, वाचकहो, बरीच किंमत मोजून.

फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घराशेजारी कौलारू छपराखाली बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार झालेली, १०८९ सी.सी. इंजिनाची, स्टिअरिंगलगत गिअरची दांडी असलेली ती गाडी. नाव पद्मिनी असले तरी आमच्या घरी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. २०१५ साली बाबा गेले. गाडी विकावी, असे घर सांभाळणाऱ्या दादाचे मत. तर ती बाबांची आठवण आहे, तिला हात लावायचा नाही, असा बेळगावी राहणाऱ्या माझा हट्ट. शब्दाने शब्द वाढला. दादाने माझे म्हणणे अक्षरशः पाळले. त्याने गाडीला हात लावला नाही. नऊ वर्षे ती जागची हलली नाही, आणि तितकीच वर्षे आम्हा भावांचे बोलणे आईच्या मध्यस्थीने चालले.

२०२४ साली मी घरी गेलो असता आई म्हणाली, "ह्या खेपेस म्हालसेच्या दर्शनाला त्यांच्याच गाडीतून जाईन म्हणते." तिने हे आम्हा दोघांपैकी कोणाकडेही पाहून सांगितले नाही.

बॉनेट उघडले, तो हवेच्या गाळणीत उंदरांनी काथ्याचे घरटे केलेले. मी उत्साहाने नवी बॅटरी आणली व किल्ली फिरवणार, इतक्यात गावच्या वृद्ध मेस्त्रींनी माझा हात धरला. "घाय करूं नाकात. आदीं हातान घुंवडावन पळोवया." इतक्या वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल ओघळून गेलेले, तशा कोरड्या, गंजल्या इंजिनाला एकदम जोर दिला तर रिंगा मोडायच्या. त्यांनी चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल सोडले आणि रात्रभर तसेच राहू दिले. दुसऱ्या दिवशी पुढल्या पुलीला पाना लावताच इंजिन कुरकुरत, पण अखंड फिरले.

टाकीतील पेट्रोलाचा वास व्हार्निशासारखा येत होता. त्याच्या चिकट थराने कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजली होती. टाकी धुतली, छिद्रे मोकळी केली, पॉइंट घासले. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाला जुने रबर टिकत नाही, म्हणून नळ्याही नव्या घातल्या. भेगाळलेले टायर तर बदलावेच लागले.

राहिले ब्रेक. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. त्या पाण्याने चाकांतले पिस्टन गंजून बसले होते. ते बदलल्यावर नळ्यांतील हवा काढणे आले, आणि ह्या कामाला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून तेथील निपल सैल करायचे. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की ते आवळायचे, आणि मगच पेडल सोडायचे. आधी सोडले तर हवा पुन्हा आत शिरते. मेस्त्रींनी पाना माझ्या हाती दिला आणि पडवीच्या खांबाशी उभ्या असलेल्या दादाकडे नुसते पाहिले. दादा मुकाट्याने आत बसला.

"दाब."

"दाबला."

"धर. आता सोड."

चार चाके होईतो एवढेच शब्द. पण नऊ वर्षांत आईवाचून आम्ही एकमेकांशी बोललेले ते पहिलेच.

संध्याकाळी तिसऱ्या प्रयत्नाला निळा धूर ओकत गाडी सुरू झाली. दादा म्हणाला, "चोक फार ओढलास. बाबा इतका ओढत नसत." मी चोक आत ढकलला. इंजिन स्थिरावले.

नोंदणीचे नूतनीकरण व विमा होईपर्यंत आम्ही गाडी अंगणाबाहेर काढली नाही. नंतर नारळ फोडून, चाकांखाली लिंबे ठेवून, आईला पुढे बसवून म्हार्दोळास गेलो. देवळापुढील पितळी समई उजळली होती. इतक्या वर्षांच्या समईवरचा तो झळाळ हात न लावता राहिलेला नव्हे, हे मनात आले आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. बाबांची वस्तू जपतो आहे, ह्या अभिमानात मी ती गंजू दिली होती. तिच्याबरोबर आणखीही काही.

हल्ली दर रविवारी दादा फियाट घेऊन फोंड्याच्या बाजाराला जातो आणि परतल्यावर मला फोन करतो. दुसऱ्या गिअरात जरा आवाज येतो, असे त्याचे म्हणणे आहे. मी सविस्तर चौकशी करतो.