आधी वही, मग कमान

कान्हेरीच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. आपल्या शेजारच्या कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने तिथे एक वाट दान दिली, एवढीच त्यात नोंद. हा नंद राजा नव्हता, सावकारही नव्हता. घण मारून पोट भरणारा आपल्यासारखाच कष्टकरी. नाव कोरलं गेलं म्हणून शेकडो वर्षांनी आज ते वाचता येतं.

आमच्या पणज्या-आज्यांची नावं कुठे कोरली आहेत?

आमचं वळ भिवंडी तालुक्यात. भाताच्या खाचरांच्या जागी आता गोदामं उभी आहेत. आमच्यातले पुष्कळजण तिथेच हमाली नाहीतर पॅकिंग करतात. जुनी घरं पाडून खोल्या बांधल्या जातात. तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात गाण्यांची वही असते, कसर लागलेली. ती रद्दीत गेली की एका माणसाचा सारा जन्म गेला.

यंदा जयंतीच्या वर्गणीचा विषय निघाला तेव्हा तरुण मुलं म्हणाली, "वाडवडिलांच्या स्मरणार्थ कमान उभारू." त्यांची तळमळ खरी होती. आम्ही बायकांनी एवढंच विचारलं, "कमानीवर नावं कुणाची घालणार? १९५६ नंतर ज्यांनी घरातले देव विसर्जित केले, त्यांची यादी कुणाकडे आहे?" पुरी यादी कुणालाच सांगता येईना. मग ठरलं, आधी वही, मग कमान.

आता दर रविवारी आम्ही दोघी-तिघी घरोघर जातो. जिला लिहिता येतं ती लिहिते, नातवंडं मोबाईलवर आवाज धरून ठेवतात. आधी सांगणारीचं नाव, तिचं माहेर, ओवी कुणाकडून शिकली ते, मग ओवी. एका आजींनी बाबासाहेबांवरच्या ओव्या सांगायला घेतल्या. दम लागला तशा म्हणाल्या, "पोरींनो, उरलेलं पुढच्या रविवारी." तो रविवार त्यांना लाभला नाही. वहीतलं ते अर्धं पान आम्ही कोरंच ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, अडाणी बायकांच्या ओव्या म्हणजे काय साहित्य झालं? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. आपले वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. त्यांना शाळा लाभली नाही. मुंबईत मजुरी करताना मोठेपणी त्यांनी अक्षरं गिरवली आणि पुढे हजारो गाणी रचली. गावोगावच्या गायनपार्ट्यांनी ती वह्यांत उतरवली, म्हणून वस्त्यावस्त्यांत पोचली. अशा वह्या हेच आपलं ग्रंथभांडार.

या कामाला देणगी लागत नाही. दोनशे पानी वही आणि एक पेन पुरे. आज रात्री जेवणं उरकल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्यांच्या आईचं नाव विचारा, ती काय गात होती ते विचारा आणि लगेच लिहून घ्या. उद्यावर ठेवू नका.

जयभीम.