साक्ष बाहेरून घ्यावी

प्रिय मृणाल,



तृतीय वर्षाच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी तू केलेली तपासयादी वाचली. लेखकाचे नाव दिले आहे का, तारीख आहे का, संपर्काचा पत्ता आहे का, शुद्धलेखन नीट आहे का, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ आहे की ‘डॉट कॉम’, खाली संदर्भसूची आहे का, हे तुझे प्रश्न. मुले इंटरनेटवरून हाती लागेल ते उचलून प्रकल्पात चिकटवतात याची तुझी काळजी मलाही आहे, म्हणूनच सविस्तर लिहिते. माझा आक्षेप एकच आहे, पण तो मुळावरचा आहे. तुझ्या यादीतला प्रत्येक प्रश्न विद्यार्थ्याला त्याच पानावर खिळवून ठेवतो, आणि त्या पानावर काय दिसावे हे सर्वस्वी पान बनवणाऱ्याच्या हातात असते. ज्याच्या खरेपणाची चौकशी करायची, त्याच्याच साक्षीवर निकाल देण्यासारखे हे आहे. मुलांना पान न्याहाळायला शिकवण्याआधी ते पान सोडून बाहेर पडायला शिकवावे, असे माझे मत आहे.

अशा याद्यांमागचा हेतू चांगलाच होता. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या चिको येथील ग्रंथपाल सारा ब्लेकस्ली यांनी २००४ मध्ये ताजेपणा, विषयाशी संबंध, लेखकाचा अधिकार, अचूकता आणि हेतू या पाच निकषांची कसोटी मांडली आणि ती अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी उचलली. छापील पुस्तकाच्या बाबतीत हे निकष पुष्कळसे पुरतात, कारण पुस्तक वाचकापर्यंत पोचण्याआधी प्रकाशक, संपादक आणि छपाईचा खर्च हे अडसर ओलांडून आलेले असते. संकेतस्थळाला यातले काहीच ओलांडावे लागत नाही. ‘डॉट ऑर्ग’ने संपणारा पत्ता कोणालाही नोंदवता येतो, त्यासाठी सेवाभावी संस्था असावे लागत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे असेच एक ‘डॉट ऑर्ग’ संकेतस्थळ अनेक वर्षे ‘स्टॉर्मफ्रंट’ या गोऱ्यांचे वर्चस्व मानणाऱ्या गटाच्या ताब्यात होते आणि त्याची मांडणी विद्यार्थ्यांसाठी केल्यासारखी होती. शुद्धलेखनाच्या निकषाचा आधारही आता गेला आहे. निर्दोष वाक्यांचा मजकूर यंत्र हवा तेवढा लिहून देते.

पानावरच खिळून राहण्याने फसगत होते, याचा सर्वांत बोलका पुरावा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांच्या २०१७ च्या अभ्यासात आहे. त्यांनी ४५ जणांना काही संकेतस्थळे तपासायला दिली: दहा पीएच.डी. झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने शेजारी ठेवली होती. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’ ही १९३० पासूनची, हजारो सदस्यांची संघटना. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअ‍ॅट्रिशियन्स’ हा समलिंगी जोडप्यांच्या दत्तकहक्काला विरोध करत २००२ मध्ये निघालेला छोटा गट. नावे सारखी, दोन्ही पाने नीटनेटकी, दोन्हीकडे डॉक्टर. बहुतेक विद्यार्थ्यांना छोट्या गटाचे पान अधिक विश्वसनीय वाटले आणि अनेक इतिहासकारही गोंधळले. सगळे तथ्यपडताळणीकार मात्र योग्य निष्कर्षावर आले. त्यांची वैद्यकाची जाण काही अधिक नव्हती. पान उघडताच ते दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि या गटाबद्दल इतर लोक काय लिहितात ते त्यांनी शोधले. या पद्धतीला ‘लॅटरल रीडिंग’ असे नाव पडले आहे. त्यांनी पान कमी वाचले आणि त्याविषयी अधिक जाणून घेतले.

ही रीत आपल्याला परकी नाही. तू तर इतिहासच शिकवतेस. शिवजन्माचे साल म्हणून बखरींच्या आधारे १६२७ रूढ होते. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी मिळाली. पण तेवढ्यावर वाद मिटला नाही. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त तीच तिथी निघाली, जोधपूरला सापडलेल्या जन्मपत्रिकेतही तीच निघाली, तेव्हा तिचे पारडे जड झाले. एक देशमुख घराण्याची नोंद, एक दरबारी काव्य आणि एक दूरच्या राजस्थानातला कागद. तीन वेगळ्या वाटांनी आलेल्या साक्षी जुळल्या, म्हणून अखेर राज्य शासनानेही ती तारीख स्वीकारली. जी शिस्त कागदपत्रांना लावायला तू शिकवतेस, तीच संकेतस्थळांना लावायची आहे.

तू म्हणशील, मराठीत बाहेर जाऊन तरी काय मिळणार? एकच परिच्छेद दहा ठिकाणी तसाच्या तसा असतो. अडचण खरी आहे, आणि शिवजन्मतिथीचे उदाहरण इथेच कामी येते. मोजायच्या त्या स्वतंत्र साक्षी, नकला नव्हेत. दहा संकेतस्थळांनी एकाच ठिकाणाहून उतरवले असेल तर साक्ष एकच. म्हणून मुलांना मूळ शोधायला लावावे. पु. ल. देशपांडे यांच्या नावावर फिरणारा उतारा त्यांच्या कोणत्या पुस्तकात आहे? विकिपीडियावरच्या विधानाखाली कोणता संदर्भ आहे, आणि तो उघडून पाहिला तर विधान त्यात खरोखर आहे का? मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तिथे काय म्हटले आहे? मूळ सापडले नाही, तर तसे प्रकल्पात स्पष्ट लिहावे.

दुसरा आक्षेप असा की एवढ्यापेक्षा मान्य संकेतस्थळांची यादीच देऊन टाकावी. यादीची मर्यादा आपल्या विद्यापीठांनी अनुभवली आहे. दर्जाहीन संशोधनपत्रिका रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आणली. तिचा कक्ष पुण्यातच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. मग त्या यादीतल्या खऱ्या पत्रिकांच्या नावांनी हुबेहूब बनावट संकेतस्थळे निघाली. नाव यादीत आहे एवढेच पाहणारा संशोधक त्यांत अडकणारच होता. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. शिवाय यादी परीक्षेपुरती हाताशी राहते. पदवीनंतर आरोग्य, कर्ज किंवा निवडणूक यांबद्दल शोधताना तुझ्या विद्यार्थ्यांना कोण यादी देणार?

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातील शाळांमध्ये नागरिकशास्त्राच्या तासांना लॅटरल रीडिंगचे फक्त सहा पाठ दिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४९९ विद्यार्थी होते, आणि हे पाठ शिकलेल्यांची पारख न शिकलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. सहा तास आपल्या अभ्यासक्रमातही निघतात. अशाने मुले कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, ही भीती मला अधिक गंभीर वाटते. पण सरसकट अविश्वास हा आळसच आहे. त्याला कसलाच शोध घ्यावा लागत नाही. आपण शिकवायचे आहे ते विश्वास कोणावर आणि कशाच्या बळावर ठेवावा हे. अकॅडमीचे पान निवडणारे तथ्यपडताळणीकार संशयात अडकून पडले नाहीत, उलट सर्वांत ठामपणे त्यांनीच विश्वास ठेवला.

म्हणून माझी सूचना: तपासयादी बाजूला ठेव आणि गुण देण्याची पद्धत बदल. प्रत्येक संदर्भापुढे मुलांनी तीन ओळी लिहाव्यात: हे संकेतस्थळ कोण चालवते, त्याच्याबद्दल बाहेरचे काय म्हणतात, आणि वापरलेल्या विधानाचे मूळ कुठे आहे. या तीन ओळींना प्रकल्पाच्या निष्कर्षाइतकेच गुण दे. चांगली तपासणी करून एखादा संदर्भ नाकारणाऱ्यालाही पूर्ण गुण दे, कारण नाकारणे हेही संशोधनच आहे. आपले विद्यार्थी गुण जिथे असतात तिथे कष्ट घेतात, आणि ते कष्ट योग्य जागी वळवणे तुझ्या हातात आहे.

तुझी,
वसुधाताई