पाठमोऱ्या गर्दीचे चेहरे

लालबाग-परळमधल्या घरांतले जुने अल्बम चाळले की गणपतीचे फोटो हमखास निघतात, आणि त्यांतली माणसं बहुतेक पाठमोरी असतात. तेल लावून चापून बसवलेले केस, गांधीटोप्या, कुणाच्या खांद्यावर बसलेलं पोर, एखादा गजरा. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे मूर्ती. छत्तीस फोटोंचं रीळ, धुऊन आणायचा खर्च वेगळा, त्यातला एक फोटो गर्दीवर कोण घालवणार? चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासून बसतो, गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासून, लालबागचा राजा १९३४ पासून. मूर्ती कशा बदलत गेल्या हे या फोटोंवरून पुष्कळ सांगता येतं. पण पाळी सुटल्यावर सरळ रांगेत येऊन उभा राहिलेला गिरणी कामगार मूर्ती दिसली त्या क्षणी कसा दिसत होता, हे फार थोड्या फोटोंत उरलं आहे.

म्हणून मध्यम मोबाइलच्या किमतीत मिळणाऱ्या दोन भिंगांच्या ॲक्शन कॅमेऱ्याबद्दल मला मनापासून आस्था वाटते. मुठीत मावेल एवढी उभी डबी, एक फुगीर भिंग पुढे आणि एक मागे. प्रत्येक भिंग अर्ध्या गोलाहून थोडं जास्तच बघतं. दोन्ही चित्रांच्या कडा एकमेकींवर येतात, तिथे सॉफ्टवेअर त्यांना सांधतं. काठीच्या टोकाला लावला तर काठी नेमकी त्या सांध्यात येते आणि चित्रातून नाहीशी होते. कुठे बघायचं ते चित्रण करताना ठरवावंच लागत नाही. अनंत चतुर्दशीला लालबागच्या श्रॉफ बिल्डिंगवरून पुष्पवृष्टी होते, तेव्हा एका भिंगाच्या कॅमेऱ्याला फुलं तरी घ्यावी लागतात नाहीतर मूर्ती. इथे फुलं वरून सुटताना, मूर्तीवर पडताना आणि मागे हात जोडून उभ्या असलेल्या बाईच्या केसांत एक पाकळी अडकताना, हे सगळं एकाच वेळी येतं. ती बाई माझ्या लेखी या कॅमेऱ्याची खरी कमाई आहे.

सुरुवातीच्या चित्रणकारांना ही मोकळीक नव्हती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनजवळची कुस्ती चित्रित केली. त्यांचा कॅमेरा इंग्लंडच्या रायली ब्रदर्सचा, किंमत २१ गिनी, आणि फिल्म धुवायला पाठवली ती लंडनला. दादासाहेब फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला, दादरला राहत्या जागी ‘राजा हरिश्चंद्र’ उभा केला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात तो लोकांपुढे आला. या दोघांनाही रीळ फिरण्याआधी नजर पक्की करावी लागत होती. याच मुंबईत आज गणपती मंडळाचा विशीतला कार्यकर्ता नजर नंतर ठरवू शकतो, याचं मला अप्रूप आहे.

पण त्याची किंमत द्यावी लागते. खोक्यावर अनेकदा ५.७के लिहिलेलं असतं, ते नीट समजून घ्यावं. आडवे ५७६० ठिपके सगळ्या ३६० अंशांत पसरलेले असतात. त्यातला रुंद फोटोएवढा, म्हणजे साधारण ९० अंशांचा तुकडा कापला की हातात उरतात १४४० ठिपके. साध्या फुल एचडीलासुद्धा १९२० लागतात. बोरा बाजारात खरेदीला जाणाऱ्याने एवढा एक हिशोब मनात ठेवला तरी पुष्कळ निराशा टळेल. मोबाइलवर हे चित्र बरं दिसतं. मंडळाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर लावलं की भुरकट होतं.

दुसरी अडचण अंधाराची, आणि आपल्या भागात ती मोठी आहे, कारण गणपतीचं आगमन रंगतं तेच दिवस कलल्यावर. या कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा. एलईडीच्या झोतात मूर्ती झळझळते आणि ज्यांच्यासाठी मागचं भिंग घेतलं ते चेहरे काळोखात विरघळतात. दोन्हीकडचा उजेड सारखा नसला की सांधाही उठून दिसतो. ढोल-ताशाजवळ आवाज फाटतो, तो नंतर दुरुस्त होत नाही. दहीहंडीला थरांच्या खालच्या वेढ्यात उभं राहिलं तर हातभर अंतरावरचा खांदा सांध्यावर येऊन अर्धा कापला जातो. वरून पाणी पडलं की थेंब दोन्ही भिंगांवर. भिंगं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, त्यामुळे कॅमेरा आडवा ठेवायला बाजूच नाही. गुलालाने माखलेलं भिंग घाईत सदऱ्याला पुसलं आणि चरा उठला, तर स्वस्त मॉडेलमध्ये ते बदलायची सोय सहसा नसते.

ऊन असेल तिथे मात्र हा कॅमेरा हसतो. गिरगावची गुढीपाडव्याची शोभायात्रा त्याच्यासाठीच असावी असं वाटतं. नऊवारीतली, फेटा बांधलेली, गॉगल लावलेली मुलगी बुलेट चालवते. गाडीवर लावलेल्या या डबीत पुढचा रस्ता येतो, तिचा चेहरा येतो, मागच्या बायकांची रांग येते आणि वर चाळीच्या गॅलऱ्यांत उभी असलेली माणसंही येतात.

त्या गॅलऱ्यांपाशी मी थांबतो. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. आता तिथे टॉवर येत आहेत, आणि गॅलऱ्यांच्या चाळींचीही तीच वाट आहे. मिरवणूक वरून बघणारी गॅलरीतली गर्दी यापुढे तशी जमणार नाही. मागचं भिंग ती टिपतं. पण चाळीची गॅलरी म्हणजे अर्धं घर. एका भिंगाचा कॅमेरा रोखलेला कळतो, माणूस पदर सावरतो किंवा आत जातो. इथे आपण चित्रात आलोय हे गॅलरीतल्या काकूंना समजतही नाही. म्हणून गल्लीत आधी सांगावं, आणि कुणी नको म्हटलं तर तो भाग खरोखर काढून टाकावा.

आणि रील टाकून झाली की मूळ फाइल पुसू नये. जागा खाते म्हणून ती सर्रास पुसली जाते, मग मूर्तीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा तेवढा उरतो आणि मागचे चेहरे पुन्हा गेलेच. शिवाय ही फाइल बहुधा त्या कंपनीच्याच ॲपमध्ये उघडते. ॲप बंद पडलं तर अडचण. सांधलेलं पूर्ण गोलाकार चित्रण साध्या एमपी४ मध्ये काढून मंडळाच्या हार्ड डिस्कवर ठेवावं, फाइलच्या नावात गल्ली आणि साल घालावं. पुढे कुणाला त्या गर्दीत आपली आजी शोधायची असेल, तर कॅमेरा कुठे वळवायचा ते त्यालाच ठरवता येईल.