डबाभर ग्रीस

आमच्या पाटसच्या घरात ग्रीसचा डबा मीठ-मिरचीइतकाच हाताशी असायचा. तात्या टायरगाडीनं भीमा कारखान्याला ऊस घालायचे. हंगामाच्या तोंडावर आखाखाली दगड लावून चाक उतरवायचे, बेअरिंग काढून रॉकेलच्या डब्यात टाकायचे. जुनं काळं वंगण ब्रशनं सोडवायचं, चिंधीनं पुसायचं, बेअरिंग उन्हात वाळवायचं. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचे, दुसऱ्या बाजूनं ताज्या ग्रीसचे दोरे बाहेर येईपर्यंत. हे मी किती वेळा पाहिलं असेल! लक्षात राहिला तो फक्त शेवटचा गोळा.

कॉलेजात असताना खडकवासला धरणात शिडाची होडी शिकलो. मुठेच्या उजव्या कालव्यानं दौंड-इंदापूरला येतं ते हेच पाणी. ज्या आवर्तनाकडे आमचं सगळं घर डोळे लावून बसायचं, त्याच पाण्यावर मी निळ्या शिडाची, दोन माणसांची एंटरप्राइज होडी हाकत होतो. मला त्याचं फार अप्रूप होतं.

या होडीचं सुकाणू मागच्या फळीवर टांगलेलं असतं. फळीला दोन कोयंडे, सुकाणूला दोन खुंट्या. वाड्याचं दार बसवावं तसं वरून सोडायचं. कोयंड्यात प्लास्टिकची बुश असते. शिवाय स्टीलची एक स्प्रिंगपट्टी असते, होडी उलटली तरी सुकाणू सरकून निसटू नये म्हणून.

सुकाणू किरकिरायला लागलं तेव्हा मी कुणाला न विचारता गावाहून ट्रॅक्टरचं ग्रीस आणलं आणि खुंट्यांना थापलं. सुकाणू काढताना पट्टी दरवेळी दाबून धरायचा कंटाळा यायचा, म्हणून ती आत वाकवली आणि तशीच राहू दिली.

चाकातलं ग्रीस बंद जागेत असतं, ते धुळीला आत येऊ देत नाही. इथं सगळं उघडं. होडी काठाला लागली की सुकाणू गाळात बुडायचं आणि तो बारीक गाळ ग्रीस धरून ठेवायचं. मेकॅनिक व्हॉल्व्ह घासायला पेस्ट वापरतो, तशीच पेस्ट मी तयार केली होती. बुश झिजली, सुकाणू डगमगायला लागलं. त्यावर मी काय केलं? आणखी ग्रीस लावलं.

एका दुपारी वारा अचानक वाढला आणि होडी उलटली. सरळ केली तर मागे सुकाणूच नाही. लाकडी होतं म्हणून तरंगत सापडलं. मोटरबोटीनं आम्हाला ओढत काठाला आणलं. त्या दिवशी सुकाणू बसवलं होतं माझ्याबरोबरच्या ज्युनिअरनं. पट्टी लागली का ते बघितलं नाहीस म्हणून त्यालाच सगळ्यांसमोर बोलणी बसली. मी शेजारी उभा होतो, नखांत ग्रीस होतं आणि मी गप्प राहिलो. आठ दिवसांनी शिकवणाऱ्या सरांना आणि त्याला खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याबरोबर पाण्यावर आला नाही. बुश शंभर-दोनशे रुपयांत नवी बसली; ते आठ दिवस मला अजून सलतात.

२०१८ च्या एप्रिलमध्ये सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेवर निघालेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीला सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं, तेव्हा ती बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला. आम्ही काठापासून हाकेच्या अंतरावर होतो; त्या सहा जणी हिंदी महासागरात होत्या.

आता होडी पाण्याबाहेर आली की खुंट्या आणि कोयंडे आधी गोड्या पाण्यानं धुतो, कापडानं कोरडे करतो आणि सुकाणू हातानं हलवून ढिलाई बघतो. किरकिर असलीच तर सुकं राहणारं सिलिकॉन मारतो. ग्रीस वापरतो ते मोठ्या होडीवर, जिथं सुकाणूचा दांडा बंद नळीत फिरतो; तेही पाण्यानं न सुटणारं. पट्टीचा ‘टक’ आवाज ऐकल्याशिवाय काठ सोडत नाही.

त्या वेळी झिजलेली बुश मी पाटसला नेली होती. तात्यांनी ती अंगठ्यानं चाचपली, आत साचलेला काळा लगदा बोटावर घेऊन चोळून पाहिला.

“आधी पुसलं व्हतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.