अठाई आधी की स्कॅन?



पर्युषण तोंडावर आलं आणि माझ्या जाऊबाईंना पेट-सीटी स्कॅन सांगितला. स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली होती, तो कुठवर पसरलाय ते पाहायचं होतं. "अठाई होऊ दे, मग बघू," त्या म्हणाल्या. मला हे अजिबात पटलं नाही. शेवटी त्यांनी साध्वीजींना विचारलं. त्यांनीही आधी तपासणीच करायला सांगितली.

या स्कॅनसाठी ग्लुकोजला फ्लोरिन-18 जोडून शिरेतून देतात. बहुतेक कॅन्सरपेशी साखर जास्त ओढतात, म्हणून चित्रात उजळतात. मेंदूही उजळतो बरं का, तेव्हा फिल्म बघून घरच्या घरी घाबरू नका. या औषधाची किरणशक्ती 110 मिनिटांत निम्मी होते. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत घसारा! म्हणून दिलेली वेळ चुकवायची नाही.

आधी चार-सहा तास काही खायचं नाही. ते आपल्याला नवं नाही. पण साधं पाणी हवंच, नंतर तर भरपूर. म्हणून त्या दिवशी चौविहार उपवास नको, आणि वेळ सकाळची घ्यावी. मधुमेहाची औषधं विचारूनच.

इंजेक्शननंतर तासभर न बोलता पडून राहायचं, कारण हालचाल केली की स्नायूही साखर ओढतात. आपलं सामायिक 48 मिनिटांचं, हे थोडं जास्त. जाऊबाई मनात नवकार म्हणत राहिल्या. नंतर काही तास तान्ह्या नातीला घ्यायला मनाई होती, तेच त्यांना जड गेलं.

काखेतली एक गाठ उजळली, बाकी शरीर स्वच्छ. सोमवारी केमो सुरू होतेय.